हजेरी घेताना मान वर असू द्या

मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल या महिन्यात आलेल्या टपालात पालकांपेक्षा शिक्षकांची पत्रं जास्त आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. सकाळची शाळा सुरू झाली, वार्षिक परीक्षा तोंडावर आली, आणि तरीही कुणी वर्गातल्या एकाच मुलाबद्दल दोन-दोन पानं लिहून पाठवतं. मी नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं, पुढे समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि आता नागपुरातल्या व आसपासच्या शाळांमध्ये जाऊन शिक्षकांशी बोलते. त्यामुळे खडू हातात असताना काय जमतं आणि काय जमत नाही, हे धरूनच उत्तरं लिहिली आहेत. मुलांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : पारडीतल्या एका अनुदानित शाळेत मी आठवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात बासष्ट मुलं. त्यांतला एक मुलगा दिवाळीपर्यंत सगळ्यांत बडबड्या होता. सुट्टीनंतर आला तो वेगळाच. शेवटच्या बाकावर बसतो, डबा उघडतो आणि तसाच बंद करतो, सोमवारी बहुतेक वेळा गैरहजर. विचारलं तर "काही नाही मॅडम." मी इतिहास शिकवते, मला मानसशास्त्र येत नाही. यात मी किती हात घालावा?

ताई, तुमच्या पत्रात त्याच्या गुणांबद्दल एक अक्षर नाही. डबा, बाक आणि सोमवार एवढंच आहे. मानसशास्त्र शिकलेल्या माणसालाही तुमच्याकडून नेमकी हीच माहिती हवी असते, कारण तो त्या मुलाला आठवड्यातून अर्धा तास बघेल आणि तुम्ही रोज पाच तास बघता.

निदान आपण करायचं नाही. त्याला नैराश्य आहे, भीती आहे की घरात काही बिनसलं आहे, हे आपण ठरवायला गेलो तर चुकू. आपण तीनच गोष्टी बघायच्या : आधी कसा होता, आता कसा आहे आणि बदल किती दिवस टिकला आहे. घरात भांडण झालं, मित्राशी कट्टी झाली की मुलं चार-आठ दिवस गप्प होतात आणि पुन्हा बोलू लागतात. दोन आठवडे उलटूनही खाणं, झोप, मित्र, खेळ यांतलं काही जागेवर येत नसेल तर वाट बघत बसू नये. इथे तर दिवाळी जाऊन होळी आली.

बोलायचं कुठे, यावर बरंच अवलंबून आहे. वर्गात सगळ्यांसमोर "काहून रे, असा काय बसलास?" असं विचारलं की बासष्ट माना मागे वळतात. स्टाफरूममध्ये बोलावलं तर चार शिक्षक वह्या तपासत असतात आणि चौघांचेही कान इकडेच असतात. तेरा-चौदा वर्षांचं मूल समोर बसवून विचारलं की मिटतं. हातात काम असलं आणि आपण बाजूनं चालत असलो की बोलतं. वह्यांचा गठ्ठा न्यायला त्याला सोबत घ्या. जिन्यात म्हणा, "दिवाळीपासून तू डबा खात नाहीस, मी बघतेय. मला तुझी काळजी वाटते. आज सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण मी पुन्हा विचारीन." आणि पुढच्या आठवड्यात खरंच पुन्हा विचारा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मुलाला वाटतं, मॅडमना विचारायचं म्हणून विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं की त्याचा विश्वास बसतो.

बोलू लागला तर मधे उपाय सांगू नका. "एवढ्याशा गोष्टीनं काय होतं", "तुझ्याहून वाईट परिस्थितीत मुलं शिकतात", "आईबाबा तुझ्यासाठी किती राबतात" ही वाक्यं आपल्या तोंडावर सवयीनं येतात, आणि प्रत्येक वाक्यानं मुलाच्या दुःखावर अपराधाचं ओझं वाढतं. "मग?", "हे केव्हापासून?", "बरं झालं मला सांगितलंस", एवढं पुरतं.

सोमवारचा शोध मात्र जरूर घ्या. सोमवारी पहिल्या तासाला काय असतं? कवायत आहे की गणिताची चाचणी? त्या तासाला कुणी त्याला उभं करतं का? की रविवारी घरी काही घडतं आणि सोमवारी तो उठूच शकत नाही? कारण शाळेत असेल तर उपाय तुमच्या हातात आहे आणि घरी असेल तर वाट वेगळी. शारीरिक शिक्षणाच्या सरांना विचारा, आणि त्याला आणणाऱ्या ऑटोवाल्या काकांनाही विचारा. मूल घरातून कशा चेहऱ्यानं निघतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

घरी फोन कराल तेव्हा सुरुवात त्याच्या एखाद्या चांगल्या गोष्टीनं करा. शाळेचा फोन म्हणजे तक्रार, अशीच आईवडिलांची समजूत असते. तक्रार ऐकू आली की संध्याकाळी पोराला मार बसतो आणि तो पुन्हा तुमच्याशी बोलत नाही.

बासष्ट मुलांत हे कसं जमावं, हा तुमचा न लिहिलेला प्रश्नही मला ऐकू आला. २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. १३ ते १७ या वयात शंभरातल्या साधारण सात मुलांना मदत लागावी असा मानसिक त्रास असल्याचं त्यात आढळलं. तुमच्या वर्गाला हा हिशेब लावला तर चार-पाच मुलं होतात. चार-पाच मुलांवर नजर ठेवणं जमण्यासारखं आहे. फक्त ती कोणती, हे कळायला बासष्टांकडे बघावं लागतं, आणि त्यासाठी रोजची वेळ आपल्याला मिळालेलीच आहे : हजेरी. आपण मान खाली घालून नंबर वाचतो आणि टिंबं मारतो. त्याऐवजी नाव घ्या, मान वर करा, "हजर" म्हणणाऱ्या चेहऱ्याकडे बघा. दोन मिनिटं जास्त लागतील. महिनाभरात कुणाचा आवाज बसलाय, कुणाचे डोळे रात्रभर जागल्यासारखे आहेत, हे आपोआप दिसू लागतं. दिसलेलं एका खासगी वहीत तारखेसकट लिहा. "आळशी", "उदास" असे शब्द नकोत, घडलं ते लिहा : "डबा परत नेला", "तिसऱ्या तासाला डोकं बाकावर". डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर ही वही फार उपयोगी पडते.

प्रश्न : आमच्या शाळेत (कामठी) घटक चाचणीचे पेपर गुण मोठ्यानं वाचून वाटतात आणि गुणांप्रमाणे बाकांच्या रांगा लावतात. यानं मुलं अभ्यासाला लागतात, असं ज्येष्ठ सहकाऱ्यांचं मत आहे. दहावीच्या माझ्या वर्गात मात्र पेपर वाटायच्या दिवशी पाच-सहा जण येतच नाहीत. एका मुलीला पूर्वपरीक्षेत पेपर हातात घेताच घाम फुटला, काही आठवेना. गणिताचा शिक्षक म्हणून मी काय करू शकतो?

सर, जे पाच-सहा जण येत नाहीत त्यांनी तुमच्या सहकाऱ्यांना उत्तर दिलेलंच आहे. गुण वाचल्यानं पहिल्या दहांतली मुलं आणखी अभ्यास करतात, हे खरं असेल. शेवटच्या दहांतली शाळा चुकवायला शिकतात.

सहकाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा कायदा दाखवणं सोपं जाईल. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. तो कायदा आठवीपर्यंत लागू आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत लाज काढणं शक्यतो टाळावं, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थेनं बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान ठेवावं. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावं, हेही त्यात आहे. या सूचनांची प्रत काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. शाळेला समुपदेशक मागायचा तर तोच कागद संस्थाचालकांपुढे नेता येतो.

तुमच्या स्वतःच्या तासाला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. उत्तरपत्रिकेची घडी घाला, गुण आतल्या बाजूला. प्रत्येकाच्या हातात द्या, नाव घेऊन. मग वर्गात सगळ्यांत जास्त वेळा झालेल्या तीन चुका फळ्यावर सोडवा, कुणी केल्या ते न सांगता. मी विज्ञानाला हेच करत असे. पेपर वाटायच्या दिवसाची गैरहजेरी हळूहळू कमी झाली, आणि "मॅडम, ही चूक माझीच होती" असं मुलं आपणहून सांगू लागली.

घाम फुटलेल्या मुलीबद्दल. तिला पाठांतर कमी पडलं नाही. भीतीनं शरीराचा ताबा घेतला. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, हातापायांना मुंग्या येतात, आपण मरतोय असं वाटतं. असा झटका काही मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. हे तिला आधी, शांत वेळी सांगून ठेवा. आपल्याला काय होतंय ते ठाऊक असलं की भीतीची भीती उरत नाही. उपाय साधा आहे : दोन्ही पाय जमिनीवर टेकायचे, नाकानं श्वास आत घ्यायचा आणि तोंडानं सावकाश, आत घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडायचा. सहा-सात वेळा. मग पेपरातला सगळ्यांत सोपा प्रश्न शोधून आधी तोच लिहायचा. ही सवय परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून भागत नाही. रोज तासाच्या सुरुवातीला सगळ्या वर्गाकडून एक मिनिट करून घ्या, म्हणजे ती एकटी वेगळी पडणार नाही.

रांगेत शेवटी बसणाऱ्यांत तोंडी उत्तरं फाडफाड देणारा पण लिहिताना अक्षरं उलटीसुलटी होणारा कुणी आहे का, हेही एकदा बघा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र असलं तर आपलं बोर्ड जादा वेळेसारख्या सवलती देतं. अशा मुलाला वर्षानुवर्षं "मठ्ठ" ऐकावं लागतं. त्याचं मन त्यानंच खचलेलं असतं.

प्रश्न : हिंगण्याजवळच्या शाळेत मी नववीला मराठी शिकवते. मार्च सुरू झाला, ऊन तापायला लागलं, तरी एक मुलगी पूर्ण बाह्यांचं जॅकेट काढेना. परवा पाणी पिताना बाही वर गेली आणि मनगटाच्या वर ब्लेडच्या ओळी दिसल्या. मी बाजूला घेतलं तर रडायला लागली : "मॅडम, कुणाला सांगू नका, शपथ घ्या." मी अजून शपथ घेतलेली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. रात्री झोप लागत नाही.

बाई, हे उत्तर अंकाची वाट न बघता तुम्हाला फोनवर सांगून झालं आहे. अशी मुलगी इतरांच्याही वर्गात असते, म्हणून इथे लिहिते.

शपथ घेतली नाही, हे फार चांगलं केलंत. घेतली असती तर एक दिवस मोडावीच लागली असती, आणि मग तिचा आपल्यावरचा विश्वास गेला असता. तिला असं सांगायचं : "तू मला सांगितलंस हे मी वर्गात, स्टाफरूममध्ये कुठेही बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर एक-दोन माणसांना सांगावंच लागेल. कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू. तुझ्या मागे काही करणार नाही."

हात कापणारी मुलं नाटकं करतात, लक्ष वेधून घेतात, असं बोललं जातं. लक्ष वेधायचं असतं तर तिनं उन्हात जॅकेट घातलं नसतं. मनातलं असह्य झालं की शरीराच्या वेदनेनं काही क्षण सुटल्यासारखं वाटतं, म्हणून पुष्कळ मुलं हे करतात. त्यांतल्या सगळ्यांना मरायचं नसतं; पण धोका वाढलेला असतो, त्यामुळे विचारल्याशिवाय राहायचं नाही. सरळ विचारा : "तुला मरावंसं वाटतं का? तसं काही करायचं मनात ठरवलं आहेस का?" हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, मला माहीत आहे. विचारल्यानं तिच्या डोक्यात नसलेला विचार येईल, अशी भीती वाटते. तसं होत नाही. यावर पुरेसा अभ्यास झाला आहे. उलट, एवढं जड कुणीतरी सोबत उचललं म्हणून मुलं रडतात आणि मोकळी होतात.

ती "हो" म्हणाली, कशानं आणि केव्हा हेही तिच्या मनात ठरलेलं असलं, तर त्या क्षणापासून तिला एकटं सोडायचं नाही. स्वच्छतागृहातही नाही. मुख्याध्यापकांना सांगा, घरचं माणूस येईपर्यंत सोबत बसा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. नागपुरात मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयोला (इंदिरा गांधी शासकीय रुग्णालय) आणि मिहानमधल्या एम्सला मनोविकार विभाग आहेत. रात्रीबेरात्री अपघात विभाग उघडा असतो. फोनवर लगेच बोलायला माणूस हवं असेल तर १४४१६. केंद्र सरकारची ही टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही. मुलीसमोर बसून स्पीकरवर फोन लावा. नुसता नंबर लिहून दिला तर चिठ्ठी दप्तरातच राहते. घरच्यांना पोलिसांची धास्ती वाटत असेल तर सांगा : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरलं आहे, त्याला शिक्षा करायची नाही.

घरी कुणाला सांगायचं, हे आधी तिलाच विचारा. काही मुलींना आई चालते, काहींना मावशी किंवा आजी. पण ती घरच्याच एखाद्या माणसाला घाबरते असं जाणवलं, अंगाला हात लावल्याचं तिच्या बोलण्यात आलं, तर घरी फोन करायचा नाही. बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१२ याप्रमाणे असं कळल्यावर पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. शाळेची बदनामी होईल म्हणून कुणी थांबवलं तरी थांबायचं नाही. मुलांच्या मदतीसाठीची १०९८ ही सेवा अशा वेळी वाट दाखवते. "नक्की काय झालं, सगळं सांग" म्हणून तिला पुन:पुन्हा खोदू नका. जेवढं ती आपणहून बोलली तेवढं तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.

आणि ती चार-आठ दिवसांनी वर्गात परत येईल, त्या सकाळची तयारी करा. बाक तोच ठेवा, मैत्रीण तीच ठेवा. "कशी आहेस आता?" असा प्रत्येक शिक्षकानं येऊन विचारलेला प्रश्न तिला नको असतो. राहिलेला अभ्यास एकाच शिक्षिकेनं नीट मांडून द्यावा. जॅकेट काढ म्हणू नका. तिला वाटेल तेव्हा ती काढेल. डॉक्टरांची पुढची तारीख तुम्हाला माहीत असू द्या आणि त्या दिवशी तिची रजा बिनबोभाट मंजूर व्हावी, एवढं बघा.

प्रश्न : उमरेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीचा एक मुलगा तासातून दहादा हात धुवायला जातो. हात सोलून लाल झालेत. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "गुरुजी, पोराले पागलखान्यात नेलं तं गावात त्याचं नाव पडन." त्यांनी बाबाकडून अंगारा आणलाय.

गुरुजी, अंगाऱ्यावरून भांडू नका. अंगारा लावून ओपीडीत येता येतं. वडिलांचं पोरावर प्रेम आहे, म्हणूनच ते बाबापर्यंत गेले, तिथूनच बोलणं सुरू करा.

नागपुरात मानकापूरच्या मनोरुग्णालयाला अजूनही पागलखाना म्हणतात, चौकालाही तेच नाव पडलं आहे. १८६४ पासूनचं ते रुग्णालय आज पुष्कळ लोकांना बरं करून घरी पाठवतं, पण वडिलांची भीती एका भेटीत जाणार नाही. त्यांना मेडिकलला न्या. तिथे ताप, हाड, डोळे सगळ्यांसाठी गर्दी असते; पोराला कुठल्या खोलीत दाखवलं हे उमरेडला कळायचं कारण नाही. आणि आजार साध्या शब्दांत सांगा : "त्याला हात घाण असल्याचा विचार पुन्हा पुन्हा येतो, तो थांबवणं त्याच्या हातात नाही, यावर औषध आहे, उपचार आहे आणि मुलं बरी होतात."

तोपर्यंत वर्गात दोन गोष्टी सांभाळा. नळावर जाऊच नको म्हणून दरडावू नका, त्यानं तडफड वाढते. आणि "तुझे हात स्वच्छ आहेत" असं तो विचारेल तितक्या वेळा सांगूही नका. क्षणभर बरं वाटतं, पण शंका आणखी घट्ट होते. एकदाच शांतपणे म्हणा, "ही ती शंका बोलतेय, आपण गणित पुढे नेऊ." बाकीची पोट्टी हसत असतील तर ते मात्र त्याच क्षणी थांबवा.

प्रश्न : सहावीतल्या नाचाची आवड असलेल्या मुलाला बाकीचे "पोरगी" म्हणून चिडवतात. तो आता मधल्या सुट्टीत वर्गातच बसतो. वर्गात त्याच्यावर बोलावं का?

त्याच्यावर बोलू नका, शब्दावर बोला. "माझ्या वर्गात कुणालाही हे म्हणायचं नाही", एक वाक्य, कोरड्या आवाजात, आणि लगेच धडा पुढे. त्याचं नाव घेऊन दहा मिनिटं समजावलंत तर तो आणखी उघडा पडेल. चिडवणारे दोघे-तिघेच असतात. त्यांना एकेकटं बोलवा, एकत्र नको. चिडवणं वर्गात थोडं आणि जिन्यात, नळावर, स्वच्छतागृहाबाहेर जास्त होतं. मधल्या सुट्टीत तिथे शिक्षक उभे राहतील अशी पाळी लावून घ्या. त्याला बदलायला सांगू नका, घरच्यांनाही तसं सुचवू नका.

प्रश्न : काटोलजवळ दोन तुकड्या सांभाळतो. निवडणुकीचं काम, पोर्टलवर माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब. मुलं रात्री अकराला व्हॉट्सॲपवर "सर, जगावंसं वाटत नाही" असं लिहितात. घरी आल्यावर मी माझ्याच मुलीवर ओरडतो. मी कुणाचं ऐकायचं?

सर, तुमच्यावर जे लादलं आहे ते एका माणसाचं काम नाही. मुलांचं मन सांभाळा म्हणणाऱ्यांनी शिक्षकाचे तास आधी मोकळे करायला हवेत, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात अधिकाऱ्यांसमोर म्हणते आणि म्हणत राहीन. पण उद्याची सकाळ तुम्हालाच काढायची आहे.

मुलांना वेळ ठरवून द्या : आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर वीस मिनिटं, व्हरांड्यात. ती वेळ कधी मोडू नका. रात्रीसाठी वर्गाच्या भिंतीवर, प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर आणि तुमच्या व्हॉट्सॲपच्या माहितीत १४४१६ लिहा. "रात्री मी झोपलेलो असेन, तेव्हा तिथे लावायचा", हे मुलांना तोंडानं सांगा. पण जगावंसं वाटत नाही असा निरोप दिसला तर तो सकाळवर ढकलू नका. लगेच फोन करा, घरच्या मोठ्या माणसाला उठवून त्याच्याजवळ बसवा, आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. हे ओझं एकट्यानं न्यायचं नाही. एखादा सहकारी धरा, शनिवारी शाळा सुटल्यावर दोघांनी बसून आठवड्यातली जड प्रकरणं बोलून काढा, मुलांची नावं बाहेर न जाऊ देता.

१४४१६ फक्त मुलांसाठी नाही, शिक्षकांसाठीही आहे. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, शाळेच्या वाटेवर गाडी वळवून परत जावंसं वाटत असेल, तर तुम्ही आधी तो नंबर स्वतःसाठी लावा आणि मेडिकलच्या ओपीडीत स्वतःचा केसपेपर काढा. मुलीला सांगा की बाबा थकलेत, तिच्यावर रागावलेले नाहीत. ती हे आपणहून ओळखेल असं धरून चालू नका.